हाताची नाडी जोरात, जांघेतली सापडेना

वाचकाचं पत्र (थोडं आवरून):

"डॉक्टर, नमस्कार. आम्ही बार्शी तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. मोठा मुलगा सात वर्षांचा, वजन २० किलो. धाकटी दोन वर्षांची. जूनमध्ये शाळेत तपासणीची गाडी आली होती. त्यातल्या मॅडमनी मुलाचं बीपी दोनदा मोजलं, मग पायाचंही मोजलं आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे जा म्हणाल्या. उजव्या हाताचं बीपी १३८/८४, पायाचं वरचं ९६. सोलापूरला इको केला. रिपोर्टवर लिहिलंय : कोआर्क्टेशन ऑफ एओर्टा, प्रवाहाचा वेग ३.४ मीटर, झडप दोन पाकळ्यांची, कमानीचा काही भाग नीट दिसत नाही, सीटी अँजिओ करावा. सासूबाई म्हणतात, पोरगं दिवसभर हुंदडतंय, त्याला कशाला किरणं मारताय. दीर पुण्यात असतात, ते म्हणतात एमआरआय करा, त्यात किरणं नसतात. दुसरे एक डॉक्टर म्हणाले, सीटीत पैसे घालू नका, थेट कॅथलॅबमध्ये घ्या, बघणं आणि फुगवणं एकदमच होईल. संध्याकाळी त्याच्या पोटऱ्या दुखतात, मी तेल चोळते. मला वाटायचं वाढत्या वयाचं दुखणं असेल. आता कुणाचं ऐकावं? आणि गरोदरपणात सगळ्या सोनोग्राफ्या केल्या होत्या, तरी माझ्याकडून काही राहिलं का?"

ताई,

तुम्ही शेवटी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं वाचताना तोच मनात टोचत राहील. तुमच्याकडून काहीही राहिलेलं नाही. बाळ पोटात असताना फुप्फुसांकडे जाणारं बरंचसं रक्त एका लहान जोडनळीतून महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, उतरतं. ही नळी महाधमनीला ज्या जागी मिळते, नेमकी तिथेच महाधमनी अरुंद होते; तुमच्या रिपोर्टवरचं कोआर्क्टेशन ऑफ एओर्टा ते हेच. नळी उघडी आहे तोवर रक्ताला तिथे ऐसपैस वाट असते. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत ती मिटते आणि खरी अडचण तेव्हा उघडी पडते. म्हणून गरोदरपणातल्या सोनोग्राफीत हा दोष अनुभवी डोळ्यांनाही चुकवतो. कधी दिसला असं वाटतं आणि बाळ जन्मल्यावर काहीच नसतं, कधी याच्या उलट. पोटऱ्यांना तेल चोळलंत तेही बरोबरच केलंत. मुलाचं दुखत होतं, तुम्ही त्याच्याजवळ बसलात.

आता मुलाला नेमकं काय झालंय ते बघू. महाधमनी हृदयातून निघून आधी वर जाते, मग म्हाताऱ्या माणसाच्या काठीच्या मुठीसारखी वळते आणि पाठीच्या कण्याच्या कडेने खाली पोटात उतरते. त्या मुठीतून तीन फांद्या निघतात. त्या डोक्याला आणि दोन्ही हातांना रक्त देतात. तिसरी फांदी डाव्या हाताकडे जाते आणि तिच्या जरासं पुढे तुमच्या मुलाची महाधमनी आवळली गेली आहे. बागायतदाराच्या घरात हे समजवायला वेळ लागत नाही. मेन लाईन मधेच चेपली, तर मोटरीकडच्या अंगाला दाब वाढतो, सांधे फुगतात, आणि खालच्या सऱ्यांना पाणी नुसतं ओघळतं. मुलाच्या हाताचं बीपी १३८ आणि पायाचं ९६ यायचं कारण हेच. एरवी पायाचं बीपी हाताइतकं किंवा थोडं जास्तच भरतं. सात वर्षांच्या मुलाच्या हाताचा वरचा आकडा शंभराच्या आसपास असायला हवा.

भरीला आणखी एक गोष्ट होते. मूत्रपिंडं त्या अडथळ्याच्या खालच्या अंगाला आहेत. त्यांना रक्ताचा दाब कमी जाणवतो, म्हणून ती शरीराला सांगत राहतात, "दाब वाढव." वर आधीच दाब चढलेला, त्यात ही भर. म्हणून एक कळकळीची सूचना : हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बीपीची कुठलीही गोळी सुरू करू नका, अगदी शेजारच्या गावातल्या चांगल्या डॉक्टरांनी लिहून दिली तरीही. काही गोळ्यांनी अशा मुलांच्या मूत्रपिंडांचा पुरवठा आणखी घटतो.

तुमच्या शाळेत आलेल्या त्या मॅडमबद्दल मला फार आदर वाटतो. ती गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असणार. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. धुळीच्या व्हरांड्यात शंभर पोरांच्या रांगेपुढे बसून एका मुलाचं बीपी जास्त आलं, तर पुन्हा मोजायचं, आणि मग पायाला पट्टा बांधून मोजायचं, एवढं सुचणं आणि ते करणं ही मोठी गोष्ट आहे. मुलाच्या आजाराचं निदान खरं तर तिथेच झालं. हाता-पायातला २०च्या पुढचा फरक आम्ही गंभीर मानतो, इथे तो ४२ आहे.

माझ्या उमेदवारीच्या काळात एक नऊ वर्षांची मुलगी नाकातून रक्त येतं म्हणून माझ्याकडे तीनदा आली. तीनही वेळा मी तिच्या मनगटाची नाडी बघितली. चांगली जोरात लागायची. जांघेत बोटं ठेवली नाहीत. चौथ्या वेळी माझ्या वरिष्ठांनी ठेवली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून माझ्यापुढे आलेलं एकही मूल, सर्दीसाठी आलेलं असलं तरी, जांघेतली नाडी न बघता मी परत पाठवलेलं नाही. हे वाचणाऱ्या डॉक्टरांनीही तेवढं करावं, अशी हात जोडून विनंती.

मग निदान झालंच आहे तर आणखी चित्रं कशाला, हा सासूबाईंचा प्रश्न रास्त आहे. कुठलीही तपासणी सांगितली की डॉक्टरांना एकच विचारायचं : "याचा निकाल असा आला तर तुम्ही काय कराल, तसा आला तर काय कराल?" दोन्ही वेळा उत्तर तेच असेल तर ती तपासणी बहुधा नको. तुमच्या मुलाच्या बाबतीत उत्तरं वेगवेगळी आहेत. कशी, ते सांगते.

इकोपासून सुरुवात करू, कारण त्याची कुवत आणि मर्यादा कळली की सीटीचं काम आपोआप कळतं. इकोत आवाजाच्या लहरी असतात, आपल्या कानाला न ऐकू येणाऱ्या. किरणं अजिबात नाहीत, दहा वेळा केला तरी अपाय नाही. ही कल्पना आली कुठून, ते मला नेहमी सांगावंसं वाटतं. स्वीडनमधल्या लुंड गावात इंगे एडलर हे हृदयाचे डॉक्टर आणि हेलमुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ, या दोघांनी १९५३मध्ये जवळच्या माल्म्योच्या जहाज कारखान्यातलं यंत्र वापरून बघितलं. जहाजाच्या पोलादात आत कुठे भेग आहे का, हे लहरींनी शोधायचं यंत्र होतं ते. त्यांनी ते माणसाच्या छातीवर धरलं आणि आत हलणारं हृदय त्यात उमटलं.

त्या लहरींना दोन गोष्टी पार करता येत नाहीत : हाड आणि हवा. तान्ह्या बाळाची छाती पातळ असते, गळ्याच्या खळगीत प्रोब, म्हणजे लहरी सोडणारं इकोचं टोक, ठेवला की महाधमनीची अख्खी कमान दिसते. म्हणून नवजात बाळांत बऱ्याचदा नुसत्या इकोवर शस्त्रक्रिया करतात, सीटी लागतही नाही. मूल मोठं होत गेलं की छाती रुंदावते, हवेने भरलेली फुप्फुसं आडवी येतात आणि कमानीचा मागे उतरणारा भाग, म्हणजे आपल्याला हवा तोच, त्यांच्या आड जातो. सोलापूरच्या डॉक्टरांनी "नीट दिसत नाही" असं स्पष्ट लिहिलं, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचं लक्षण आहे. न दिसलेलं दिसलं म्हणून लिहिणारेही असतात.

त्या रिपोर्टमधला ३.४ हा आकडा रक्त अरुंद जागेतून किती वेगाने सुटतंय ते सांगतो. नळाच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, तसंच. वेगावरून दाबाचा फरक काढायची सोपी रीत आहे : वेगाचा वर्ग करायचा आणि चारने गुणायचं. ३.४चा वर्ग साडेअकराच्या आसपास, गुणिले चार म्हणजे ४६. हाता-पायाच्या बीपीतला फरक ४२ होता. दोन अगदी वेगळ्या रीतींनी काढलेले आकडे इतके जवळ आले, म्हणजे मोजणारे दोघेही नीट मोजत होते.

पण याच आकड्यात एक फसगत दडलेली असते. मेन लाईन चेपली की पाणी बांधाच्या कडेने झिरपत स्वतःची वाट काढतं. शरीरही तेच करतं. बरगड्यांखालच्या बारीक धमन्या वर्षानुवर्षं रुंदावत जातात आणि अडथळ्याला वळसा घालून रक्त खाली पोचवतात. असे वळसे भरपूर असले, तर अरुंद जागेतून जाणारं रक्त कमी होतं, वेग उतरतो आणि आकडा खोटा दिलासा देतो. मोठ्या मुलांच्या एक्स-रेत या फुगलेल्या धमन्यांनी बरगड्यांच्या खालच्या कडेला पाडलेल्या खाचा दिसतात. पाच-सहा वर्षांच्या आत त्या सहसा दिसत नाहीत, त्यामुळे एक्स-रे साधा आला म्हणून निर्धास्त होऊ नका. तुमचं पोरगं हुंदडतंय ते या वळशांच्या जोरावर. सासूबाईंना हे असंच सांगा. त्यांच्या डोळ्यांना दिसतं ते खरं आहे. पण वरच्या अंगाला चढलेला दाब हृदयाच्या स्नायूवर, मेंदूतल्या धमन्यांवर रोज बसतोय आणि तो खेळण्यात दिसत नाही. १९४४मध्ये स्टॉकहोमला क्लारेन्स क्राफोर्ड यांनी या दोषावरची पहिली शस्त्रक्रिया केली. त्याआधीच्या काळातल्या नोंदी बघितल्या, तर बालपण पार केलेली अशी माणसं सरासरी पस्तिशीच्या आसपास जायची. घाबरवण्यासाठी लिहीत नाही, ताई. आज वेळेवर उपचार झालेली मुलं शाळा, कॉलेज, नोकरी, संसार सगळं करतात. थांबून राहू नये, एवढ्यासाठीच लिहिलं.

आता सीटी अँजिओचं चित्र, म्हणजे शिरेतून डाय नावाचं औषध देऊन एक्स-रेच्या किरणांनी काढलेलं धमन्यांचं चित्र, कशासाठी हवंय, ते ऐका. शस्त्रक्रिया करणाऱ्याला किंवा कॅथलॅबमध्ये धमनीतून नळी सरकवून फुग्याने ती जागा रुंद करणाऱ्याला पाच-सहा गोष्टी हातात लागतात. अरुंद जागा नुसती पडद्यासारखी आहे की दोन-तीन सेंटिमीटर लांब आहे? डाव्या हाताच्या फांदीपासून किती अंतरावर आहे? तिच्या आधीची कमान धडधाकट रुंद आहे की तीही बारीक राहिली आहे? उजव्या हाताची फांदी नेहमीच्या जागेवरून निघते की मागून, अरुंद जागेच्या खालून? वळसे किती आहेत आणि पाठीत कुठून जातात? आणि जवळपास भिंत कुठे फुगलेली नाही ना?

कमानच बारीक असेल, तर नुसती एक जागा फुगवून दाब उतरत नाही. तेव्हा शस्त्रक्रियेत मोठा भाग रुंद करावा लागतो, कधी छाती बाजूने न उघडता समोरून उघडावी लागते. कमान चांगली असेल आणि पडद्यासारखी छोटी अडचण असेल, तर फुगा किंवा जाळी, म्हणजे स्टेंट, यांचा विचार होऊ शकतो. वळसे मोठाले असतील, तर छाती उघडताना त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो, सर्जन तयारीनिशी उतरतात. वळसे फारसे नसतील, तर शस्त्रक्रियेत महाधमनी चिमट्यात धरलेली असताना पाठीच्या कण्याला रक्त पोचवण्याची वेगळी काळजी घ्यावी लागते. उत्तरानुसार बेत बदलतो. म्हणून माझं मत सरळ आहे : सीटी अँजिओ करा.

किरणांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका, मीही नेत नाही. मुलांच्या पेशी झपाट्याने वाढत असतात आणि पुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं, म्हणून तेवढीच किरणं मुलाला मोठ्यांपेक्षा जास्त बाधतात. आता मापं बघा. जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपल्या सगळ्यांना जगभर सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट किरणं आपोआप मिळतात. मुलाच्या वजनाप्रमाणे यंत्र लावलं, तर छातीच्या सीटी अँजिओत साधारण १ ते ३ मिलिसिव्हर्ट लागतात, नव्या वेगवान यंत्रांवर १च्या खालीसुद्धा होतं. म्हणजे एका वर्षात निसर्गातून मिळतं त्याच्या आसपास. यातून पुढे कॅन्सरचा धोका शून्य वाढतो असं मी म्हणणार नाही. वाढतो तो फार थोडा, आणि न उघडलेल्या महाधमनीचा धोका त्याच्यापुढे डोंगराएवढा आहे.

पण "मुलाच्या वजनाप्रमाणे" हे शब्द पुन्हा वाचा, सगळी मेख तिथे आहे. मोठ्या माणसाच्या सेटिंगवर मुलाचा सीटी काढला, तर हाच डोस काही पटींनी वाढतो आणि चित्रात बघणाऱ्याला काहीच फरक कळत नाही. मुलांचा सीटी मुलांच्या मापाने काढा, हे सांगण्यासाठी २००८मध्ये अमेरिकेत 'इमेज जेंटली' नावाची मोहीम उभी राहिली, यावरूनच हे किती होत असेल ते समजा. तुम्ही सेंटरला फोन करून विचारा : लहान मुलांचे हृदयाचे सीटी तुमच्याकडे नेहमी होतात का? वजनाप्रमाणे किरणं कमी करता ना? फेरी एकच घेणार ना? डाय देण्याआधी एक, दिल्यावर एक, नंतर आणखी एक, अशा फेऱ्यांची या आजारात गरज नसते आणि प्रत्येक फेरीला डोस पुन्हा मोजला जातो. आपल्याकडे सीटी यंत्र चालवायला मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो. तो आहे का, हेही विचारायला संकोच करू नका. नीट काम करणाऱ्या सेंटरला असे प्रश्न आवडतात. उत्तर द्यायला कुणी खेकसलं, तर दुसरं सेंटर बघा. त्यासाठी तासभर जास्त प्रवास झाला तरी चालेल.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. एमआरआयमध्ये किरणं नसतात. चित्र उत्तम येतं, शिवाय वळशांमधून किती रक्त खाली चाललंय याचं मोजमाप तो देतो, ते सीटीला जमत नाही. घरात बारा-चौदा वर्षांचा समंजस मुलगा असता, तर मीही आधी एमआरआयच सांगितला असता. अडचण वयाची आहे. पाऊण ते एक तास त्या बोगद्यात, ठकठक आवाजात, न हलता पडून राहायचं आणि सांगितलं की श्वास धरायचा. सात वर्षांच्या मुलाला बहुधा भूल द्यावी लागते. अशा हृदयाच्या मुलाला भूल देणं अनुभवी हातांत होतं, पण तेही एक काम वाढतं. सीटीत प्रत्यक्ष चित्र काही सेकंदांत निघतं आणि या वयाचा मुलगा भुलेशिवाय सहज पार पडतो. तेव्हा दिरांना म्हणा, तुमचा एमआरआय रद्द केलेला नाही, पुढे ढकललाय. उपचारानंतर ती जागा पुन्हा आवळत नाही ना, भिंत फुगत नाही ना, हे आयुष्यभर काही वर्षांच्या अंतराने बघावं लागतं आणि त्या फेऱ्यांसाठी एमआरआय चांगला. फक्त स्टेंट बसवला असेल, तर त्याच्या धातूमुळे एमआरआयमध्ये त्या जागी काळोखी येते, तेव्हा पुन्हा सीटीकडेच यावं लागतं.

थेट कॅथलॅबचा सल्ला मला पटत नाही. कॅथेटरने, म्हणजे धमनीत सरकवलेल्या बारीक नळीने, घेतलेलं अँजिओग्राम एकेकाळी या निदानाचा शेवटचा शब्द होता आणि दाब प्रत्यक्ष आत जाऊन मोजायचा असेल तर आजही आहे. पण त्यात जांघेच्या धमनीतून नळी जाते, किरणं लागतात, या वयात भूल लागते, आणि टेबलावर गेल्यावर कळलं की कमान बारीक आहे, शस्त्रक्रियाच हवी, तर हे सगळं करून मूल परत येतं. शिवाय २० किलो हे वजन काठावरचं आहे. स्टेंटसाठी लागणारी जाड नळी मुलाच्या धमनीला पेलेल का आणि तो स्टेंट पुढे मोठ्या माणसाच्या मापापर्यंत फुगवता येईल का, हे बघावं लागतं. बरेच डॉक्टर २५ किलोच्या आसपास वजन झाल्यावर स्टेंटचा विचार करतात. तुमच्या मुलात शस्त्रक्रिया, फुगा की आणखी थोडं थांबून स्टेंट, हे सीटी समोर ठेवून हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन यांनी एकत्र बसून ठरवायचं आहे. एकट्याने ठरवणाऱ्याच्या घाईत पडू नका.

झडप दोन पाकळ्यांची आहे, ते वाचून दचकला असाल. महाधमनीच्या तोंडाशी एरवी तीन पाकळ्यांची झडप असते. कोआर्क्टेशन असलेल्या निम्म्याहून जास्त मुलांत ती दोनच पाकळ्यांची सापडते. सध्या ती नीट उघडते-मिटते का, एवढं इकोत बघायचं, बाकी काही करायचं नाही. मात्र हा गुण घराण्यात चालू शकतो. म्हणून धाकटीचा आणि तुम्हा दोघा नवरा-बायकोंचा एकदा इको करून घ्या. धाकटी दोन वर्षांची आहे, तिची कमान इकोत छान दिसेल.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण दिवस कुठले चाललेत ते मला माहीत आहे. शाळेतल्या मॅडमनी दिलेली संदर्भ चिठ्ठी जपून ठेवा. ती घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा. जन्मजात हृदयदोषाच्या मुलांना त्या कार्यक्रमातून पुढच्या उपचारांसाठी मोठ्या रुग्णालयात पाठवतात. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात दाराशीच आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड दाखवा आणि सीटीचा खर्च कशात बसतो, शस्त्रक्रियेचा कशात, हे खिशातून पैसे भरण्याच्या आधी विचारा. भरल्यावर परत मिळवणं अवघड जातं.

तोवर मुलाला अंगणात खेळू द्या. शर्यती, रस्सीखेच, जड क्रेट उचलणं तेवढं बंद. जोरात डोकं दुखून उलटी झाली, फिट आली, चक्कर येऊन पडला किंवा धाप लागली, तर सीटीच्या तारखेची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

सीटीच्या आधी रक्तात क्रिअॅटिनिन बघतील, मूत्रपिंडं नीट चालतात का ते त्यावरून कळतं आणि डाय मूत्रपिंडांतूनच बाहेर पडतो म्हणून. पूर्वी कशाची अॅलर्जी किंवा दमा असेल तर सांगा. उपाशी किती तास ठेवायचं ते सेंटर सांगेल, भूल लागणार असेल तर साधारणपणे जेवण सहा तास आधी आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. सुई शक्यतो उजव्या हाताला लावतात, कारण डाव्या हातातून दिलेला डाय कमानीच्या अगदी पुढून जातो आणि चित्रावर चकाकीचे पट्टे ओढतो. झाल्यावर भरपूर पाणी पाजा.

आणि निघताना नुसती फिल्म घेऊन येऊ नका, सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक दहा-वीस चित्रं असतात, सीडीत शेकडो असतात. त्यांवरून सर्जन महाधमनी संगणकावर हव्या त्या बाजूने फिरवून बघतात, मिलिमीटरमध्ये मोजतात. दुसरं मत घ्यायचं झालं, तर सीडीची प्रत पाठवली की पुन्हा सीटी काढायची पाळी येत नाही, म्हणजे पुन्हा किरणंही नाहीत. एक प्रत दिरांच्या संगणकावर ठेवायला सांगा. मुलगा सतरा वर्षांचा होईल तेव्हा नवं चित्र या जुन्याशेजारी ठेवून बघणारा डॉक्टर तुम्हाला मनापासून दुवा देईल.

मुलाला आधी सगळं सांगा. त्याला कळतं. मोठ्या गोल मेदूवड्यासारखं यंत्र असतं, मधल्या भोकातून पाट सरकतो, हाताला एकदा टोचतं आणि ते दुखतं. औषध आत गेलं की अंग आतून गरम होतं, कधी शू झाल्यासारखं वाटतं. तसं झालेलं नसतं आणि मिनिटभरात ते जातं. मग आवाज येतो, "श्वास रोखा." आजपासून रोज रात्री अंथरुणात पडल्यावर दोघांनी मिळून श्वास धरायचा खेळ खेळा, तुम्ही मोजा, त्याने धरायचा. दहापर्यंत जमलं की सीटीला तेवढं पुरतं.